शतावरी कोणासाठी पाहिजे?

बालाघाट,
फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप ताईला,
धाकट्या गुणाकरचा डोकं टेकवून नमस्कार.

इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी नवी कवळी करून घेतल्याचं तुझ्या कार्डावरून कळलं. ती नीट बसली का, की अजून जेवताना काढून वाटीत ठेवतात? (मागच्या दिवाळीला ती वाटी लोणच्याची समजून मी पुढे ओढली होती. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, तूही बोलू नकोस.) आमची वल्लरी जबलपूरला होस्टेलात मजेत आहे, म्हणजे पत्र पाठवत नाही. यंदा थंडी फार पडली. तुमच्या वर्ध्याला नुसती हवा गार होते, इथे जंगलातून येते ती थंडी वेगळी, ती अंगात शिरली की होळीपर्यंत मुक्काम करते. थंडीचा उल्लेख मी उगाच करत नाही, ते प्रकरणाशी संबंधित आहे.

फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. ताई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एस.टी.डी.चं बूथ आहे. त्याचा मालक हिरालाल फार सज्जन माणूस. कोणी मराठीत बोलायला लागलं की तो आपणहून रेडिओ बंद करतो, बोलणाऱ्याला नीट ऐकू यावं म्हणून. मग त्यालाही नीट ऐकू येतं. मागे मी वल्लरीला तिच्या मार्कांवरून रागावलो, तर बूथबाहेर पडेपर्यंत हिरालालनं मला समजावलं की आजकालच्या मुलांवर एवढं चिडू नये, बच्ची है. तेव्हा प्रस्तुत विषय त्याच्या काचेच्या खोक्यात उभं राहून बोलण्यासारखा नाही, हे तूच मान्य करशील.

विषय प्रेमलताचा आहे. म्हणजे प्रेमलताचा असा नाही, तिच्या वयाचा आहे. पन्नाशीच्या अलीकडे बायकांना जे होतं, किंवा जे व्हायचं थांबतं, ते. तू जन्मभर इस्पितळात नर्स होतीस, तुला त्याचं नाव भाजीच्या नावासारखं सहज घेता येतं. मी सिंचाई खात्यात बडेबाबू आहे. आमच्याकडे कालवा ठणठणीत कोरडा पडला तरी फायलीत 'प्रवाह तूर्त स्थगित' असं लिहायची शिस्त आहे. तेव्हा या पत्रात मी त्याला 'सदरहू प्रकरण' म्हणेन. तू समजून घे आणि पत्र भाऊजींच्या हाती देऊ नकोस, ते मोठ्यानं वाचतात.

तर सदरहू प्रकरणाची सुरुवात थंडीतच झाली. मी अंगात दोन स्वेटर, वर शाल आणि डोक्याला मफलर अशा अवस्थेत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, आणि डोक्यावर पंखा गरगरत होता. मी उठून पंखा बंद केला. प्रेमलता आली, तिनं तो पुन्हा लावला. असं बराच वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला एवढी थंडी वाजून राह्यली तर बाहेर उन्हात जाऊन बसा ना!" मग मी बाहेर जाऊन बसलो. (ऊन चांगलं होतं, ते खोटं कशाला सांगू.) नंतर डाळ करपली म्हणून ती रडली. डाळ तिनं नव्हती करपवली, मी करपवली होती, तरी ती रडली. इथपर्यंत मी घाबरलो नव्हतो. पण एके दिवशी वर्गात फळ्यासमोर उभी असताना ती घामानं एकदम न्हाऊन निघाली, आणि पोरींनी वह्यांनी वारा घातला. घरी येऊन पिशवी खाली टाकली न म्हणाली, "असं वाटते, सोडून द्यावी शाळा."

ताई, इथे मात्र मी घाबरलो. तुला प्रेमलता माहीत आहे. कन्या शाळेत गणित शिकवणं ही तिची नोकरी नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. पोळ्या वाढताना ती मला विचारते, पाव झाली की अर्धी राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असली की ती घरातल्या मुंग्यांनासुद्धा रांग मोडू देत नाही. शाळा सुटली तर ही बाई वर्षभरात वाळून जाईल, हे मला लख्ख दिसलं. (आणि शिकवायला दुसरं कोणी नाही म्हटल्यावर दिवसभर मीच सापडेन, हेही दिसलं. पण ती भीती दुय्यम आहे.) तेव्हा काय वाट्टेल ते करीन पण हिची शाळा सुटू देणार नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि दाढी-कटिंगला गेलो.

न्हाव्याकडे एक जुनं हिंदी मासिक पडलं होतं. त्यात सदरहू प्रकरणावर निसर्गातले उपाय दिले होते, त्यांत जवस, सोयाबीन, मेथी आणि शतावरी ही मुख्य. मी ते पान वाचताना मासिक उभं धरलं होतं, आणि मागच्या बाजूला कोणत्या तरी नटीचा फोटो असल्यामुळे बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे कौतुकानं पाहत होती. आता तू म्हणशील की हे सगळं बायकोला विचारून करायचं. पण तिला विचारायचं म्हणजे आधी नाव घ्यावं लागतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात आमची त्या विषयावर बोलायची पद्धत पडलेली नाही. ती कॅलेंडरकडे पाहते आणि मी खिडकीकडे पाहतो, एवढंच. म्हणून मी गुपचूप औषधं आणायचं ठरवलं, आणि इथून पुढे घोटाळा झाला.

बाजारात जडीबुटीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पहिल्याच घावाला विचारलं, "किसके लिए चाहिए, बड़े बाबू?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर बाजूला आमच्या ऑफिसचा चपराशी नथ्थू सुंठ घेत उभा. आता नथ्थूसमोर घरच्या बाईमाणसाचं असलं सांगायचं कसं? माझ्या तोंडून निघून गेलं, "मेरे लिए." मग तकलीफ काय, हे ओघानं आलंच. घाम येतो म्हणालो, झोप लागत नाही, मधूनच छातीत धडधडतं, चिडचिड होते. दुकानदाराचा चेहरा उतरला. त्यानं सोयाबीनचा विषयच काढला नाही, अर्जुनाच्या सालीची पुडी बांधली आणि हळू आवाजात म्हणाला, "दिल का मामला है, टालना मत." नथ्थूनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली न घरापर्यंत पोहोचवली. पिशवीत फक्त ती पुडी होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावरच्या फायली गायब. साहेबांनी बोलावून दौऱ्याच्या कामातून माझं नाव काढलं, डॉक्टरकडून छातीची पट्टी काढून घ्यायला लावली. ई.सी.जी. अगदी चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, काहीच नाही. पण आमच्याकडे डॉक्टर काही नाही म्हणाला की लोकांना वाटतं, त्यानं हात टेकले. सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या ज्या खेमचंदनं उभ्या हयातीत कोणाला तंबाखू दिला नाही, त्यानं मला चुन्यासकट डबी पुढे केली, आणि मग घाईघाईनं मागे घेतली.

तरी मी हार मानली नाही, कारण शतावरी मिळायची राहिली होती. वारासिवनीला खेमराज वैद्य म्हणून आहेत, नाडी पाहून सगळं ओळखतात अशी ख्याती. मला वाटलं, ही मोठीच सोय, तोंडानं काही सांगायलाच नको. पण नाडी ज्याची धरतात त्याचीच कळते, ही गोष्ट माझ्या ध्यानात वारासिवनीच्या स्टँडवर उतरल्यावर आली. नथ्थू सोबत होता. (मला एकट्याला बसमध्ये चढू द्यायला तो तयार नव्हता.) बाजाराचा दिवस, धान विकायला आलेले शेतकरी बाकावर दाटीनं बसलेले. वैद्यांनी माझं मनगट धरलं, डोळे मिटले न म्हणाले, "नाडी तं झकास आहे. पोट साफ नाही, बस. मंग आले काहून?"

मी पुन्हा घाम, झोप, धडधड हे सांगितलं. वैद्यांनी विचारलं, "रडू येते का?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "डाळ करपली की येतं." "चिडचिड?" याचं उत्तर माझ्याआधी नथ्थूनं दिलं, "लय! साऱ्या आफिसले मालूम आहे." मग मी एका दमात बोलून गेलो की मला शतावरी द्या. वैद्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "ते तं आमी बायकाइले देतो. तुमाले काहून पाहिजे?" ताई, बाकावरची धानाच्या भावाची चर्चा थांबली. एका म्हाताऱ्यानं तर मला नीट दिसावं म्हणून जागा बदलली. मी म्हणालो, तुम्ही द्या तर खरी. त्यांनी दिली. पण वैद्य कडक शिस्तीचे, पहिली मात्रा समोर घेतल्याशिवाय रोग्याला उठू देत नाहीत. नथ्थू पळत जाऊन दूध घेऊन आला. अशा रीतीनं शतावरी प्यालेला सिंचाई खात्यातला मी बहुधा पहिलाच बडेबाबू असेन. चवीला वाईट नसते.

घरी मात्र उपचार जोरात सुरू केले. भांडी घासायला येते ती मैनाबाई, तिला हाताशी धरून कणकेत सोयाबीनचं पीठ मिसळलं. "बाबूजी, हे कनिक तं काही आयकून नाही राह्यली," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, मी लक्ष दिलं नाही. पोळ्या अशा झाल्या की ताटात टाकल्यावर आवाज आला. प्रेमलता तडक चक्कीवर गेली, आणि भेसळ करतोस म्हणून त्या बिचाऱ्याला भर गल्लीत फैलावर घेतलं. मागून जाऊन मी त्याची माफी मागितली, तर तो उठून उभा राहिला न म्हणाला, "आप तबियत सँभालिए, बाबूजी, आटे का क्या है." जवसाचे लाडू केले, मेथी तर प्रत्येक भाजीत घातली. शतावरी मी तिच्या रात्रीच्या दुधात घालायचो. ती कप उचलायची, माझ्याकडे पाहायची न म्हणायची, "तुम्हीच घ्या." मग मीच घ्यायचो.

एवढं सगळं करून गुण यावा की नाही? उलट तिच्यात अशी चमत्कारिक लक्षणं दिसू लागली की त्या मासिकात त्यांचं नावही नव्हतं. मी दाढी करत असलो की दारात उभी राहून नुसती बघत राहायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, काही नाही, करा. माझ्या हातातून पाण्याची बादली काढून घ्यायची. भाजीत मीठ घालेना. न्हाणीघरातल्या माझ्या गाण्याला जी जन्मभर कोकलणं म्हणत आली, ती एके दिवशी बाहेरून म्हणाली, "थांबलात काहून? म्हणा ना अजून." मला तर भीतीच वाटली. वल्लरीच्या लग्नाचं पुढच्या वर्षी पाहावं म्हणतो, असं मी सहज बोललो, तर पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली. आणि सगळ्यांत कहर म्हणजे घामानं निथळत असताना तिनं स्वतःहून पंखा बंद केला. का, तर तुम्हाला थंडी वाजेल! त्याच आठवड्यात राजीनामा लिहिला आणि मला म्हणाली, "सोमवारी मोठ्या बाईंच्या हाती देते. आता घरीच राहीन." मी समजलो की सदरहू प्रकरण हाताबाहेर चाललं. दुसऱ्या दिवसापासून लाडवांचा आकार वाढवला.

सोमवारी तिनं तो खरोखरच दिला. त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. प्रेमलता बाजारात गेली होती, आणि मी शिडीवर चढून पंख्याची पाती पुसत होतो. (पंखा बंद होता म्हणून काय झालं, धूळ बसतेच.) तेवढ्यात दार ढकलून शाळेच्या मोठ्या बाई पौर्णिमाबाई आणि त्यांच्या मागे दोन मास्तरणी आत आल्या. हातात मोसंब्या, नारळ आणि रामपायलीच्या रामाचा अंगारा. मला शिडीवर पाहताच तिघी एकदम किंचाळल्या, त्यानं मी खरोखरच पडणार होतो. मला धरून खाली उतरवलं, खाटेवर निजवलं, पायांवर पांघरूण घातलं. पौर्णिमाबाई गहिवरून म्हणाल्या, "तुमच्या तब्येतीचं प्रेमलतानं काहीच सांगितलं नाही हो. नुसतं 'घरची अडचण' लिहून राजीनामा दिला. आम्हाला बाहेरून समजलं. तो कागद मी अजून वर पाठवला नाही." मी उठून बसायचो, त्या पुन्हा निजवायच्या. मी म्हणालो, मला काही झालेलं नाही, छातीची पट्टी चांगली आहे. तर दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मग वारासिवनीची शतावरी कोणासाठी होती?" म्हणजे ती बातमी तिथवर पोहोचली होती. माझा संयम संपला. मी ओरडलो, "हिच्यासाठी!" आणि दाराकडे बोट केलं, कारण दारात भाजीची पिशवी घेऊन प्रेमलता उभी होती.

मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ती उंबऱ्यातच बसली. वांगी पिशवीतून गडगडत खोलीभर गेली, तिनं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काहीच नाही झालं?" मी म्हणालो, नाही. "कायचंच काही नाही?" मी म्हणालो, पोट साफ नाही, एवढंच. तर ही बाई रडायला लागली आणि त्यातच हसायलाही लागली. (हे मात्र मासिकात दिलेलं आहे.) मग डोळे पुसून, मास्तरणींसमोर, मागच्या दारातून आलेल्या मैनाबाईसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली, "पाहा बाई, पाळी माझी गेली न पुड्या हे खाऊन राह्यले!" शब्द मी जसाच्या तसा दिला आहे, तो तिचा आहे, माझा नाही. मी पांघरुणासकट स्वयंपाकघरात गेलो.

तिथून मला सगळं ऐकू येत होतं, ऐकायचं नव्हतं तरी. आधी पौर्णिमाबाई म्हणाल्या, "अगं, मग बोलली काहून नाहीस? मी माझं टेबल पंख्याखाली काहून सरकवलं, तुला काय वाटलं?" दुसरी म्हणाली, माझं मागच्या वर्षीपासून चालू आहे, घरात कोणाला ठाऊक नाही, सगळे म्हणतात देवीची भक्ती वाढली म्हणून अंगात येते. यावर त्या इतक्या हसल्या की ओट्यावरची भांडी हलली. मैनाबाई म्हणाली, "मले तं असं झालं का मी सरळ तळ्यातच बसत होती." मग मला चहाची ऑर्डर आली. मी चहा केला, डाळ न करपवता. (चहात डाळ नसते, पण तू समजलीस.) दुसऱ्या दिवशी प्रेमलतानं राजीनामा परत घेतला, आणि मोठ्या बाईंनी तिचा वर्ग पंखे असलेल्या मोठ्या खोलीत हलवला. तेव्हा माझा निष्कर्ष असा की निसर्गातल्या औषधांचा गुण येतो. थोडा उशिरा येतो, आणि नवऱ्यानं घेतली तरी येतो.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना जपून राहा. मेथी पाठवू का?

तुझा धाकटा भाऊ,
गुणाकर

ता. क. पत्र खरं ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. त्या रविवारपासून दर शनिवारी दुपारी आमच्या घरी बायका जमतात. आधी शाळेतल्या होत्या, आता गल्लीतल्याही येतात, आणि माझी इतकी औषधं घेऊन झाली म्हणून मलाच विचारतात, बाबूजी, जवस भाजून की कच्ची, शतावरी दुधात की पाण्यात, आणि शुगर असली तर चालते का. ताई, मी तो शब्दही उच्चारू न शकणारा माणूस! काल साहेबांच्या बाईसाहेब आल्या होत्या. तू आठ दिवस येऊन जा न या सगळ्यांना काय खरं, काय खोटं, कशाला डॉक्टरकडे जावं ते समजावून सांग. मी तेवढे दिवस दौरा मागून घेतो.

पुन्हा ता. क. मी हे सगळं तुला कळवलं, हे प्रेमलताला समजू देऊ नकोस. पाकीट भाताची शितं लावून पक्कं केलं आहे. टपालपेटी शाळेच्या वाटेवर आहे म्हणून तिच्याच हाती देतो.

ती. ताईंना प्रेमलताचा नमस्कार. शितं ओली होती, पाकीट हातातच उघडलं. (थोडं मीही उघडलं.) सगळं वाचलं. यांनी लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त गुण कशानं आला ते चुकलं. यांच्या सोयाबीनच्या पोळ्या मी गाईला घालत होते. लाडू मी यांच्याच ताटात परत वाढत होते, हृदयाला बरे असतात असं कोणीतरी सांगितलं म्हणून. आणि सदरहू प्रकरण मला दीड-दोन वर्षांपासून आहे, त्याच्यासकट मी पोरींना अपूर्णांक शिकवते. घामानं विरघळायला मी काही मीठ नाही. एक दिवस वैतागून बोलले, ते यांनी मनावर घेतलं.

राजीनामा मी लिहिला तो नथ्थूची बायको माझ्याजवळ येऊन रडून गेली तेव्हा. म्हणाली, वैद्यांनीही आशा सोडली, पण बाबूजी तुम्हाला कळू देत नाहीत. ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. यांना विचारायची हिंमत झाली नाही. 'हो' म्हणाले असते तर? म्हणून वाटलं, शाळा राहू दे, आहेत तोवर यांच्याजवळ बसावं. 'घरची अडचण' म्हणजे माझा घाम, असं हे अजून समजतात.

तुम्ही नक्की या. सगळ्या बायांसमोर मी पाळीचं धडधडीत बोलले, पण एवढी एक गोष्ट यांना सांगायला गेले की माझ्याच्यानं बोलणंच होत नाही. तोंड उघडते न यांना भाजी आणायला पाठवते. घरात वांगी मावेनाशी झाली. तेवढं तुम्ही यांना सांगाल का? मी तेव्हा स्वयंपाकघरात असेन. आतपर्यंत ऐकू येईल, इतक्या मोठ्यानं सांगा.